गडग्यावरचं शेवाळ खरवडायचं की राहू द्यायचं? (आणि आइसलँडचं एक शेवाळ)

कातळवाट | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराच्या, उतरणीला. परड्याभोवती आजोबांनी रचलेला जांभ्याचा गडगा आहे. नुसते दगडावर दगड, मध्ये ना चुना ना सिमेंट. सध्या घरात त्याच्यावरून वाद चालू आहे. काकांना गडगा यंदा यंत्राच्या फवाऱ्याने धुऊन पांढरा रंगवायचा आहे. रंगाचा डबाही आणून ठेवलाय. मला तो आहे तसाच हवा आहे, शेवाळासकट.

त्याला कारण आहे. मी बोटीवर असतो. दोन वर्षांपूर्वी आमची बोट आइसलँडला लागली, मधे सुट्टी मिळाली म्हणून आम्ही चौघे गाडी करून दक्षिणेकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर लाव्हाचे धोंडे, आणि त्यांच्यावर घोंगडी टाकावी तसं जाडजूड राखाडी शेवाळ. १७८३ साली लाकी नावाच्या भेगेतून लाव्हा बाहेर पडू लागला तो आठ महिने थांबला नाही. साडेपाचशेहून जास्त चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली. त्या भागाला एल्डह्राउन म्हणतात. विषारी वायूंनी गवत आणि जनावरं मेली, आणि पुढच्या दुष्काळात देशातली पाचातली एकतरी व्यक्ती गेली. जिथे सगळं संपलं होतं तिथे आधी आलं ते हे शेवाळ.

आमच्या वाटाड्याने बजावलं होतं, वाटेवरून खाली उतरू नका, इथे पाऊल उमटलं की कित्येक वर्षं भरून येत नाही. मी कडेला उकिडवा बसून बघत होतो. हात लावला तर कोरडं, सुक्या काथ्यासारखं, चुरचुरीत. तेवढ्यात पाऊस आला. तिथला पाऊस म्हणजे आपल्याकडचं नुसतं शिंतोडणं. पण डोळ्यांदेखत ते राखाडी घोंगडं पिवळसर हिरवं झालं. मला एकदम आमचा गडगा आठवला. मे महिन्यात तोही असाच काळा ठिक्कर असतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला तासाभरात हिरवागार होतो. लहानपणापासून बघत आलोय, पण हे नक्की काय होतं हे कधी कुणाला विचारलं नाही.

तर प्रश्न दोन. उन्हाळ्यात ते शेवाळ मेलेलं असतं की जिवंत? आणि गडग्यावर ते राहू दिलं तर कुणाचं काय भलं होतं? काकांना समजावण्यापुरतं ठोस काहीतरी द्या.

माडाचीसावली | १४ जून, रात्री १०:१५

माका तर हिरव्या गडग्याशिवाय पावसाळो वाटणाच नाय. काकांका सांगा, रंग दुसरीकडे लावा.

सुरंगी | १४ जून, रात्री ११:३०

छान धागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून आधी शब्दाचा गुंता सोडवते. आपण विहिरीतल्या हिरव्या तंतूंनाही शेवाळ म्हणतो आणि गडग्यावरच्या मखमलीलाही. विहिरीतलं ते शैवाल. गडग्यावरची ती हरिता, म्हणजे मॉस. तिला इवलीशी का होईना पण पानं असतात, देठ असतो, आणि पावसाळ्याच्या शेवटी केसाएवढ्या दांडीवर बीजाणूंची बोंडं येतात. अकरावीला फ्युनारिया शिकलेल्यांना आठवेल. बोलताना मात्र मीही शेवाळच म्हणते.

आता पहिला प्रश्न. जिवंत असतं, पण थांबलेलं असतं. मॉसला खरी मुळं नसतात. खालचे तंतू फक्त दगड धरून ठेवायला. पाणी प्यायचं ते सगळ्या अंगाने, पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं म्हणून ते जमतं. आंब्याचं पान मेण लावलेल्या कागदासारखं असतं, आतलं पाणी राखतं. मॉस राखतच नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही जवळपास बंद. सुकताना पेशींत साखर साठलेली असते, ती पेशीच्या नाजूक पडद्यांना मोडू देत नाही. पाणी लागलं की पानं उलगडतात आणि काही जातींत मिनिटांत काम पुन्हा सुरू होतं.

तुम्ही पाहिलेलं बहुतेक रॅकोमिट्रियम लॅनुजिनोसम. त्याच्या प्रत्येक पानाचं टोक पांढऱ्या केसासारखं लांब होतं. सुकल्यावर ते केस एकावर एक येतात, म्हणून राखाडी दिसतं. उन्हाची तिरीप परत फेकायला आणि धुक्यातलं पाणी टिपायला तेच केस कामी येतात. उत्तरेच्या टोकापासून डोंगरमाथ्यांपर्यंत ते टिकून राहतं, पण वाढतं फार हळू. वर्षाला फार तर सेंटिमीटरभर. त्यामुळे पाऊल उमटलं की भरून यायला तेवढा वेळ लागणारच.

खळेकर | १५ जून, सकाळी ७:०५

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी म्हणून लिहितो. गेल्या श्रावणात आमच्या आईचा पाय याच मखमलीवरून सरला. खळ्यातून विहिरीकडे जाणाऱ्या तीन पायऱ्या आहेत, तिथे. खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. चार महिने अंथरुणात होती आणि आता काठीशिवाय चालत नाही. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी ब्लीचिंग पावडर टाकतो आणि खराट्याने घासतो. शेवाळाचं कौतुक करणाऱ्यांनी पावसात म्हाताऱ्या माणसाला धरून एकदा पायऱ्या उतरून बघाव्यात.

कातळवाट | १५ जून, सकाळी ८:२०

@खळेकर, वाचून वाईट वाटलं. आईंना नमस्कार सांगा. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पायऱ्यांवर आमच्याकडेही ठेवत नाही. मी फक्त गडग्याबद्दल विचारतोय.

भिंगवाला | १५ जून, दुपारी १:४०

काकांना दाखवायचंच असेल तर एक करा. मी शाळेतल्या मुलांसाठी हे दर वर्षी करतो.

चहाच्या बशीत गडग्यावरचं बोटाच्या पेराएवढं शेवाळ घ्या, पाण्यात रात्रभर भिजू द्या. सकाळी ते दुसऱ्या बशीवर पिळा आणि त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आधी सुतासारखे बारीक किडे वळवळताना दिसतील, मग चाकासारखं तोंड फिरवणारे चक्रधर. आणि नशीब असेल तर जलअस्वल. आठ आखूड पाय, पायांना नख्या, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. दारूच्या नशेत असल्यासारखं पाय टाकत शेवाळाच्या पानावर चढतं. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी पंचवीस मिनिटं भिंगावरून हटली नाही, मागची रांग तिच्यावर ओरडत होती.

शेवाळ सुकलं की हे अस्वलही पाय आत घेऊन पिंपासारखं होतं आणि पडून राहतं. अंटार्क्टिकातून १९८३ साली आणलेलं गोठवलेलं शेवाळ जपानी संशोधकांनी तीस वर्षांनी वितळवलं, तर त्यातली जलअस्वलं पुन्हा चालू लागली. एकीने तर अंडी घातली. गडग्याच्या चिऱ्यावर ब्लीचिंग टाकताना आपण किती घरं धुतोय ते दिसत नाही एवढंच.

मसाल्याचा डबा | १५ जून, दुपारी ३:१०

अवांतर: रेनडियर जे शेवाळ खातात तेही हेच का? लहान मुलांच्या पुस्तकात 'रेनडियर मॉस' असं वाचलं होतं.

सुरंगी | १५ जून, संध्याकाळी ६:००

नाही, आणि या नावाने पुष्कळ जण फसतात. रेनडियर मॉस हे मॉस नाहीच. ते शैवाक, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. तुमच्या मसाल्याच्या डब्यात त्याचं भावंड आहे, मालवणी मसाल्यातलं दगडफूल. रेनडियर हिवाळ्यात बर्फ उकरून ते खातात. मॉसमध्ये त्यांना पोटभर काही मिळत नाही.

मसाल्याचा डबा | १५ जून, संध्याकाळी ६:२०

म्हणजे रेनडियर आणि आमची सागुती एका ताटात! वाखूसा (वाचनखूण साठवली).

कलमबाग | १६ जून, रात्री ८:४५

आमच्या धंद्यात शेवाळ रोजचं आहे. माझी रोपवाटिका आहे. गुटी कलम बांधताना फांदीची साल गोल काढायची, त्यावर ओलं मॉस दाबून बसवायचं आणि वरून प्लास्टिक आवळून बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. हे मॉस स्फॅग्नम. पाकिटात येतं तेव्हा सुक्या गवतासारखं हलकं असतं, बादलीत टाकलं की फुगतं. हातात घेऊन पिळलं तर कोपरापर्यंत पाणी ओघळतं. वडील सांगायचे, पिळून थेंब पडायचा बंद झाला की मगच बांध, नाहीतर साल कुजते.

नर्सरीवाल्यांना मी काही वर्षांपासून सांगतोय की मॉसऐवजी काथ्याचा भुसा वापरून बघा. आपल्या किनाऱ्यावर माड कमी आहेत का? मी आता अर्धी गुटी भुशावरच करतो. थोडं जास्त पाणी बघावं लागतं, पण मुळं येतात.

सुरंगी | १६ जून, रात्री ९:३०

@कलमबाग, स्फॅग्नम ही तर उत्तरेच्या शेवाळांची राणी आहे म्हणा. त्याच्या पानांतल्या बऱ्याच पेशी मुद्दाम मेलेल्या आणि पोकळ असतात, अंगाला भोकं असलेल्या. त्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. स्वतःच्या सुक्या वजनाच्या वीस पटीपर्यंत पाणी धरतं. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा ब्रिटनमध्ये बायका-मुलांनी दलदलीतून स्फॅग्नम गोळा करून जखमांच्या पट्ट्यांत भरलं.

ते आजूबाजूचं पाणी आंबट करतं, त्यामुळे खालचं काही नीट कुजत नाही. हजारो वर्षं थरावर थर साचत जातो, त्यालाच पीट म्हणतात. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एक माणूस सापडला, चेहऱ्यावरचे दाढीचे खुंट दिसत होते. लोकांना वाटलं अलीकडचा खून आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना निघाला.

जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भागावर पीट आहे, पण जमिनीतल्या एकूण कार्बनपैकी जवळपास तिसरा हिस्सा तिथे अडकलेला आहे. ती दलदल कुंडीत घालायला खणली आणि सुकली की तो कार्बन हवेत जातो. म्हणून तुमचा काथ्याचा भुसा मला फार मोलाचा वाटतो.

चिरेबंदी | १७ जून, सकाळी १०:००

मी बांधकामातला. इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकीचं बोललं जातंय.

शेवाळ भिंत फोडतं हा समज अर्धवट आहे. चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेल्या भिंतीच्या सांध्यात ते ओल धरून ठेवतं आणि सांधा हळूहळू भुसभुशीत होतो, हे खरं. कौलांवर वाढलं तर पन्हळी तुंबतात आणि पाणी आत येतं, तेही खरं. घराच्या छपरावरून ते काढायलाच हवं.

पण सुक्या गडग्यात सांधाच नाही. पाणी आरपार निघून जातं. तिथे शेवाळाने काही बिघडत नाही. गडग्याचा खरा वैरी म्हणजे वड-पिंपळाचं रोप, ते बोटभर असतानाच उपटा.

आणि तो यंत्राचा फवारा जांभ्यावर अजिबात नको. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की वरून कडक होतो. जोराच्या पाण्याने ती कडक साल निघते आणि आतला मऊ दगड उघडा पडतो. एका देवळाच्या कुंपणाचं असं झालेलं मी पाहिलंय. तीन पावसाळ्यांत चिऱ्यांचे कोपरे गोल झाले. वरून रंग लावला तर आतली ओल रंगाचे पापुद्रे काढते, मग दर वर्षी खर्च.

रानमोगरा | १७ जून, रात्री ९:१५

दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी नीट हात घातला नाही, म्हणून मी लिहिते. उत्तर गडग्यावर नाही, गडग्यामागच्या सड्यावर आहे.

मी गेली काही वर्षं पावसाळ्यात सड्यावर फिरते, रत्नागिरीपासून देवगडपर्यंत. मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापतो, पाय ठेववत नाही. जूनमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत बघा. आधी कातळाच्या खड्ड्यांत काळपट-हिरवी जेलीसारखी चिकट पापडी फुगते. ते नोस्टॉक, नीलहरित जिवाणू, हवेतला नत्र जमिनीत आणणारे. मग शेवाळाची गादी. एका गादीच्या कडेला मी चाकूच्या टोकाने उचलून बघितलं होतं. वर हिरवी गादी, खाली कातळ, आणि मधे बारीक काळी माती, नखाएवढ्या जाडीची. वाऱ्यासोबत आलेली धूळ, मेलेली शेवाळाची पानं, मुंग्यांनी टाकलेला कचरा. तेवढीच माती. आणि त्या मातीत गेंदाचं रोप उभं होतं.

सप्टेंबरात सड्यावर फुलांचे गालिचे बघायला गाड्या येतात, सीतेची आसवं आणि गेंद बघून सगळे हरखतात. ती फुलं त्या नखाएवढ्या मातीवर उभी असतात. दिपकाडीसारखी फक्त आपल्या सड्यांवर सापडणारी झाडंही तिथलीच. आइसलँडच्या लाव्हावर जे काम दोनशे चाळीस वर्षं चाललंय तेच आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात थोडं थोडं होतं आणि उन्हाळ्यात थांबतं.

आणि आता त्या सड्यांना लोक 'पडीक' म्हणतात. बाहेरून डंपरने माती आणून ओततात, सुरुंग लावून खड्डे करतात, वर आंबा-काजू. कागदावरही पडीकच लिहिलेलं असतं. मला याचा फार त्रास होतो. तिथे माती नाही असं नाही, तिथे माती तयार होते आहे.

ता. क. नारिंगी डोक्याचा कस्तूर घरट्याला ओलं शेवाळ लावतो. आमच्या परसात जुलैमध्ये तो गडग्यावरून चोचभर शेवाळ ओढताना मी रोज बघते.

सुरंगी | १७ जून, रात्री १०:४०

@रानमोगरा, किती सुंदर लिहिलंत. नोस्टॉकचं वाचून राहवलं नाही. उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलांत झाडांखाली प्ल्युरोझियम श्रेबेरी नावाचं पिसासारखं मॉस मैलोन्मैल पसरलेलं असतं. त्याच्या पानांच्या बेचक्यात हेच नोस्टॉक राहतं. २००२ साली स्वीडनमधल्या कामातून कळलं की हे दोघं मिळून हेक्टरी दर वर्षी दीड-दोन किलो नत्र हवेतून आणतात. आपल्या शेतकऱ्याला हसू येईल, पण त्या उपाशी थंड मातीला नवा नत्र येण्याची ती मोठी वाट आहे. शिवाय ही गादी उन्हाळ्यात जमिनीला गार ठेवते. ती खरवडली की खालची कायम गोठलेली जमीन जास्त खोलवर वितळते.

आणि चिवटपणाचं म्हणाल तर २०१३ सालचं एक काम सांगते. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समेअर बेटावर टिअरड्रॉप नावाची हिमनदी मागे सरकत होती. अल्बर्टा विद्यापीठाच्या कॅथरीन ला फार्ज यांना तिच्या कडेला, बर्फाखालून नुकतंच उघडं पडलेलं शेवाळ दिसलं, आणि त्यात हिरवट झाक. ते साधारण चारशे वर्षं बर्फाखाली गाडलेलं होतं. प्रयोगशाळेत त्याचे तुकडे करून मातीवर पेरले, तर नवे कोंब आले. मॉसची जवळजवळ कुठलीही पेशी पुन्हा अख्खं झाड होऊ शकते. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास झोपलेलं शेवाळ आपल्या काळात उठलं.

खळेकर | १८ जून, सकाळी ६:५०

रानमोगरा आणि चिरेबंदी यांचं वाचून रात्री विचार केला. मी खळ्याबरोबर मागचा गडगाही ब्लीचिंगने धूत होतो, सवयीने. त्याच्याखालून विहिरीकडे उतार आहे हेही कधी मनात आलं नव्हतं. गडग्याचं आजपासून बंद. पायऱ्या मात्र घासणारच. तिथे ब्लीचिंगऐवजी काय चालेल?

माडाचीसावली | १८ जून, सकाळी ७:३०

आमची आजी पायऱ्येवर जाडी रेती आणि चुलीतली राख टाकी, नि सोडणान, म्हणजे नारळाच्या सालीन, घाशी. पायवाटेवर माडाची झापां. अजून तसाच करतो.

चिरेबंदी | १८ जून, सकाळी ९:१०

आणि पायऱ्यांना टाचणी मारून घ्या, म्हणजे पाथरवटाकडून छिन्नीने आडव्या रेघा पाडून घ्यायच्या. एका बाजूला लोखंडी कठडा बसवा. आईंसाठी ते कुठल्याही पावडरीपेक्षा भरवशाचं.

खळेकर | २ जुलै, संध्याकाळी ५:३०

रेघा पाडून झाल्या, कठडा बसला. आई काल एकटी विहिरीपर्यंत गेली. आभारी आहे.

कातळवाट | १९ एप्रिल, सकाळी ११:१५

धागा वर काढतोय. मधे नऊ महिने बोटीवर होतो, परवा घरी आलो.

काकांना तेव्हा सगळं वाचून दाखवलं होतं. फवारा त्यांनी रद्द केला तो चिरेबंदींच्या मुद्द्यावर. पण शेवाळ उन्हाळ्यात जिवंत असतं हे काही त्यांना पटलं नव्हतं. "मेलेलं ते मेलेलं, पावसात नवीन उगवतं," हेच धरून बसले होते. म्हणून आज सकाळी त्यांना गडग्यापाशी नेलं. दव सोडलं तर ऑक्टोबरनंतर तिथे पाण्याचा थेंब नाही. शेवाळ काळं, मुठीत चुरलं तर भुगा होईल असं. मी तांब्याभर पाणी एका चिऱ्यावर हळूहळू ओतलं.

काका म्हणाले, काही होत नाहीये. मग म्हणाले थांब, आणि चष्मा आणायला आत गेले. ते परत येईपर्यंत चिरा हिरवा झाला होता, बाजूचे दोन काळेच. काकांनी वाकून हिरव्यावर बोट फिरवलं, मग काळ्यावर, मग पुन्हा हिरव्यावर. आणि काकूला हाक मारली.

आता तिथे घरातले पाच जण उभे आहेत आणि काका स्वतः दुसरा तांब्या भरून आणतायत.

माडाचीसावली | १९ एप्रिल, सकाळी ११:३०

फोटो टाका! आणि त्या रंगाच्या डब्याचा काय केलात?

कातळवाट | १९ एप्रिल, दुपारी १२:०५

फाटकाला लावला.